धारेच्या दगडाची बखर

तलवारीला नाव असतं. भवानी, जगदंबा. ती कुणी कुणाला दिली, कुणी पळवली, आज कुठल्या म्युझियमच्या काचेत आहे, यावर पानंच्या पानं लिहून झाली. पण ती ज्या दगडावर घासली त्या दगडाचं नाव कुठल्या बखरीत नाही. तो दगड कुणी फोडला, कुणाच्या पाठीवरून आला, कुणाच्या हाताखाली झिजला, हे लिहायला कुणाची लेखणी मोडली होती? धार लावणारा शिकलगार. हा शब्दही सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं यावरनं फारसीतून आलेला. शब्द दरबारातून आला, माणूस मात्र दरबाराच्या बाहेरच बसला, चाक फिरवत.

म्हणून ही दगडाची बखर. यात राजे कमी येतील. आले तर दगडाच्या मागून येतील.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. धार म्हणजे काय? पोलादाच्या दोन बाजू घासत घासत एका रेघेत आणून मिळवायच्या, तिला धार म्हणायचं. पोलाद घासायला त्याच्याहून कठीण काहीतरी लागतं. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ, पोलादावर ओरखडा काढते. गार्नेट काढतं. कुरुंद तर काढतोच काढतो. दगडातले हे कठीण कण म्हणजे लाखो दात समजा. दात मोठे असतील तर पोलाद भराभर खातात, पण चर खोल पडतात आणि धार करवतीसारखी येते. दात बारीक असतील तर काम हळू, पण धार गुळगुळीत. आता दुसरी गोष्ट. हे दात कशात रोवलेत? बांधणी ढिली असेल तर बोथट झालेला कण गळून पडतो, खालचा नवा कण वर येतो. दगड जोरात चालतो, पण मधे खड्डा पडतो. बांधणी घट्ट असेल तर दगड झिजत नाही, पण कण तिथंच गुळगुळीत होत जातात. तेल किंवा पाणी घालायचं ते लोखंडाची काळी भुकटी उचलून न्यायला. नाहीतर दगडाची भोकं बुजतात आणि पातं नुसतं वरनं घसरतं.

म्हणजे तीन गोष्टी. कण कशाचा, कण केवढा, बांधणी कशी. यात रंग कुठं आला?

आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो. धारेच्या दगडाच्या बाजारातही असलाच शेंदूर चालतो. पांढरा चांगला, काळा त्याहून बारीक, पिवळा सर्वात उंची. व्यापारी सांगतो, गिर्‍हाईक मान डोलावतो. दगडालाही आपण जात विचारतो, आणि ती रंगावरून ओळखता येते असं धरून चालतो. रंग कधी खरं बोलतो आणि कधी थापा मारतो, तेच या बखरीत बघायचंय.

सुरुवात पायाखालच्या दगडापासून. महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या पाषाणावर बसलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेला रस थिजून हा झाला. जातं याचं, पाटा याचा, वरवंटा याचा, लेण्यासुद्धा यातच. पण यात गारगोटीचे बारीक एकसारखे कण नाहीत. दुसरी खनिजं आहेत, ती एकमेकांत घट्ट गुंतलेली. बांधावरच्या दगडावर विळा घासला की काम भागतं. गवताला, कडब्याला खरबरीत धारच बरी, ती पेंढी धरते, निसटू देत नाही. पण न्हाव्याचा वस्तरा त्या दगडावर घासला तर गालाची सालटं निघतील. चांभाराची रापी कातड्याचा पापुद्रा सोलते, तिला खरबरीत धार चालत नाही. सुताराच्या पटाशीलाही नाही. ज्या त्या हत्याराला जो तो दगड. ज्या मुलखात बारीक दगड नाही तिथं तो बाहेरून आणावा लागतो. आणि दगड बाहेरून आला की त्याच्याबरोबर इतिहास येतो.

हे लिहून ठेवणारा एक जुना माणूस सापडतो. रोमचा प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला त्यात तो मेला. त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात धारेच्या दगडांची वर्गवारी केली, आणि ती रंगावर केली नाही. त्याने विचारलं, या दगडाला काय पाजायचं? तेलाचे दगड वेगळे, पाण्याचे वेगळे. तेलाच्या दगडांत आधी क्रीट बेटाचा नाव कमावून होता, त्याच्यामागे टायगेटस डोंगराचा. पाण्याच्या दगडांत नॅक्सॉस बेटाचा पहिला, मग आर्मेनियाचा. न्हाव्याच्या दुकानातला आणखी वेगळा, तो थुंकीवर चालायचा, त्यात स्पेनचा चांगला.

हाच प्लिनी शेतीबद्दल लिहिताना सांगतो की पूर्वी इटलीत तेलाचेच दगड होते, तेव्हा गवत कापणारा गडी पायाला तेलाचं शिंग बांधून शेतात फिरायचा. मग इटलीतच पाण्याचे दगड सापडले. एवढंच वाक्य. पण यात एक सबंध माणूस उभा आहे. उन्हातान्हात विळा चालवतोय, पायावर शिंग आपटतंय, धार गेली की वाकतोय, दोन थेंब घालतोय, पुन्हा कापतोय. सीझरचं चरित्र शाळेत शिकवतात. हे शिंग कुणी शिकवत नाही.

आता उत्तरेला, नॉर्वेत. तिथे टेलेमार्क भागात आइड्सबोर्ग नावाचं ठिकाण आहे. तिथला दगड फिकट राखाडी, गारगोटी आणि अभ्रकाचा, थराथराने चिरणारा. पहार लावली की लांबट कांड्या निघतात, जवळजवळ तयार माल. हजार वर्षांहून जास्त काळ तो तिथून निघत राहिला, थेट विसाव्या शतकापर्यंत. दहाव्या शतकाच्या अखेरीचं एक जहाज नॉर्वेच्या किनार्‍याजवळ क्लोस्टाड इथे सापडलं, त्यात माल होता धारेचे दगड. आइड्सबोर्गच्या फिकट दगडाबरोबर बाजारात दुसरा एक गडद दगड फिरायचा. त्याची खाण उत्तरेला, ट्रॉन्डहाइमजवळच्या मोस्टाडमार्का भागात.

या दोन रंगांनी इतिहासाला एक धक्का दिलाय. व्हायकिंगांचा काळ इंग्रजी पुस्तकात ७९३ साली सुरू होतो. त्या साली लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली, साधू कापले गेले. म्हणजे इतिहास सुरू झाला तो तलवारीने. पण डेन्मार्कमधल्या रीबे या जुन्या बाजारगावाच्या मातीत धारेचे दगड सापडले, ते आठव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या थरांत. नॉर्वेच्या अभ्यासकांनी २०१८ साली त्यांची तपासणी छापली. त्यातले पुष्कळ दगड मोस्टाडमार्काचे निघाले. समुद्रमार्गे हजार किलोमीटरच्या वर. मठावर तलवार पडली त्याच्या कितीतरी वर्षं आधी दगड वाहणार्‍यांच्या होड्या त्या पाण्यात ये-जा करत होत्या. वाट त्यांना पाठ होती. तलवारवाले त्या वाटेनं मागून आले.

इथे रंग कामाला आला, हे कबूल केलं पाहिजे. फिकट आणि गडद यावरून दोन खाणी वेगळ्या काढायला सुरुवात झाली. रंग एवढं सांगू शकतो की दगड कुठून आला असावा. तो काय काम करतो, हे विचारायला गेलात की रंग गप्प बसतो.

राजाचा दगडही बघू. इंग्लंडात सफक परगण्यात सटन हू इथे १९३९ साली एका टेकाडाखाली सातव्या शतकाच्या सुरुवातीची राजेशाही दफनभूमी उघडली. सोनंनाणं, शिरस्त्राण, तलवार, आणि एक दगड. चौकोनी, निमुळता, कठीण करड्या दगडाचा दांडा, दोन्ही टोकांना कोरलेले चेहरे, वर कांस्याचा शिंगाळा सांबर. आकार धारेच्या दगडाचा. पण त्याच्यावर घासल्याची खूण नाही. एकदाही त्यावर पातं फिरलं नाही. तो राजदंड होता असं मानतात. कष्टाचं हत्यार राजाच्या हातात गेलं की ते मिरवायचं होतं, झिजायचं नाही. लोकांच्या घरचे दगड मधे खोलगट होऊन, तुटून, उकिरड्यावर गेले. न झिजलेला दगड मात्र म्युझियममध्ये आहे.

आता रंगाचा खरा बाजार. बेल्जियममध्ये आर्डेन डोंगरात, व्हिएल्साल्मच्या आसपास, कोटिक्यूल नावाचा पिवळा दगड निघतो. वस्तर्‍यासाठी जगभर नाव. वय सुमारे ४८ कोटी वर्षं. अभ्रकाच्या मऊ पिठात गार्नेटचे कण रोवलेले, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरा. कण तसा फार बारीक नाही. मग धार इतकी मऊ कशी? कारण कणाचा आकार. गार्नेटचा कण बारा तोंडांचा, जवळजवळ गोळा. टोकदार काच पोलादात खोल जाते, हा कण उथळ चर पाडत जातो.

हा पिवळा थर पातळ, काही सेंटिमीटरचा, आणि त्याला चिकटून दोन्हीकडे निळसर जांभळा दगड. तो निळा दगडही धार लावतो. त्यातही गार्नेट आहे, पण प्रमाण कमी, म्हणून हळू चालतो. त्याला रंग येतो हेमॅटाइटमुळे, म्हणजे गेरूला लाल करणारं तेच लोखंडाचं खनिज. पिवळा महाग, निळा स्वस्त. इथे रंग खोटं बोलत नाही, पिवळ्यात खरोखर दात जास्त आहेत. पण पिवळा ठिसूळ. पातळ असला की पाठीला पाटीचा दगड चिकटवूनच विकतात. उंची माल उभा राहतो तो दुसर्‍याच्या पाठीवर. ते फक्त कड बघणार्‍याला दिसतं.

रंग खोटं कुठे बोलतो? अमेरिकेत, अर्कान्सा राज्यात. वॉशिटा डोंगरात नोव्हॅक्युलाइट नावाचा दगड आहे. नोव्हॅक्युला म्हणजे लॅटिनमध्ये वस्तरा. ३५-४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेली सिलिका. चांगल्या दगडात शंभरातले ९९ भाग तीच. हॉट स्प्रिंग्ज गावाजवळच्या डोंगरावर तिथल्या मूळ लोकांनी बाणांची आणि भाल्यांची टोकं करायला हा दगड खणला, त्यांचे खड्डे अजून दिसतात. तो मुलूख क्वापॉ लोकांकडून अमेरिकी सरकारने १८१८ च्या तहाने घेतला. मग गोर्‍या व्यापार्‍यांनी धारेचा दगड म्हणून तोच खोदायला घेतला, आणि १८९२ साली राज्याच्या भूगर्भ खात्याने ग्रिसवोल्ड नावाच्या माणसाचा जाडजूड अहवाल छापला. खड्डे जुनेच होते, कागद नवा होता.

या दगडाच्या बाजारात प्रती आहेत. वॉशिटा, मऊ, कडक, पारभासी, काळा. रंग पांढरा, राखाडी, गुलाबी, चट्ट्यापट्ट्याचा, काळाभोर. रंग कशाने? लोखंड, मॅंगनीज, कार्बन, यांच्या चिमूटभर मिसळीने. पोलादाला खाणारा कण मात्र सगळ्यांत एकच, गारगोटीचा. केवढा? तोही जवळजवळ सारखाच, काही मायक्रॉनचा. मग एक दगड भरभर खातो आणि दुसरा आरशासारखी धार देतो, हे कसं?

बांधणीने. मऊ दगडात कणांमधे जागा मोकळी आहे, कणांच्या कडा उघड्या आहेत, त्या पोलादात घुसतात. कडक दगडात कण एकमेकांना खेटून बसलेत, कडा झाकल्यात, नुसता माथा लागतो. हे वजनावरून कळतं. शुद्ध गारगोटी पाण्याच्या २.६५ पट जड. मऊ अर्कान्सा २.२५ च्या आसपास, काळा आणि पारभासी २.५ च्या वर. म्हणून जाणता व्यापारी रंग बघत बसत नाही. दगड हवेत तोलतो, पाण्यात तोलतो आणि प्रत ठरवतो. एकाच डोंगरातला, एकाच कणाचा दगड. कोण किती घट्ट धरून उभा आहे एवढाच फरक. याहून जास्त मी काही सांगायला नको.

त्याच अमेरिकेत आणखी एक मजा. इंडियाना राज्यात एकोणिसाव्या शतकात एक धारेचा दगड निघायचा, त्याचं नाव हिंदोस्तान. आपला आणि त्याचा संबंध नावापुरता. व्हाइट नदीकाठी हिंदोस्तान नावाचं गाव वसलं होतं. भारतात नोकरी करून गेलेल्या एका कप्तानाने ते नाव दिलं असं सांगतात. १८२० च्या दशकात साथीने माणसं मेली, गाव उजाड झालं, नाव दगडाला चिकटून राहिलं. तो दगड होड्यांनी न्यू ऑर्लीन्सकडे जायचा. बारीक गाळाचा, पातळ पातळ थरांचा. हे थर म्हणजे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या भरतीओहोटीची हजेरी. उधाणाच्या दिवसांचा थर जाड, भांगाच्या दिवसांचा बारीक. तिथल्या लोकांनी या दगडावर चाकू घासले आणि याच दगडाच्या फरश्या थडग्यांवर रोवल्या.

नाव तिकडे गेलं तसं आपल्याकडचं खरं काही गेलं का? गेलं. कुरुंद. दक्षिणेकडे सापडणारा, हिर्‍याच्या खालोखाल कठीण दगड. नॅक्सॉसच्या दगडात जी ताकद होती ती याच खनिजाची. आपले कारागीर कुरुंदाची पूड लाखेत मिसळून चाक करायचे आणि त्यावर रत्नं आणि पोलाद घासायचे. कण एका ठिकाणचा, बांधणी माणसाची. खाणीत जे नशिबाने जुळतं ते त्यांनी हाताने जुळवलं होतं. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिलने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या दगडावर निबंध सादर केला. इंग्रजीतला कॉरंडम हा शब्द तमिळ कुरुंदम् वरून आलाय.

पुढे १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा अमेरिकन विजेच्या भट्टीत हिरा करायला बसला. हिरा झाला नाही, चकाकणारे कठीण खडे निघाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कॉरंडमचं मिश्रण, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होतं. नाव चुकलं पण टिकलं. आज हार्डवेअरच्या दुकानात जो करडा दगड मिळतो त्याच्या नावात असा आपल्या कारागिरांचा कुरुंद लपून बसलाय. कण चाळून एका मापाचे करता आले आणि जगातल्या बहुतेक जुन्या खाणी बसल्या.

खाणी बसल्या म्हणून नुसतं हळहळू नका. एक हिशेब राहिलाय. इंग्लंडमधलं शेफील्ड, सुरीकात्रीचं शहर. तिथे वाळूच्या दगडाच्या मोठ्या चाकांवर कामगार पोलाद घासायचे. दगडाच्या गारगोटीची आणि लोखंडाची धूळ छातीत जायची. १८४५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात एंगल्सने तिथल्या एका डॉक्टरचा हिशेब दिलाय. कोरड्या चाकावर काम करणारा सरासरी जेमतेम ३५ वर्षं जगतो. ओल्या चाकावरचा क्वचितच ४५ ओलांडतो. पाण्याच्या चार थेंबांची किंमत दहा वर्षं.

पुढचं वाक्य जास्त लागतं. धूळ ओढून नेणारी सोय निघाली होती, आणि काही कामगारांनी स्वतःच ती मोडली. का? कामातला धोका गेला तर जास्त माणसं या धंद्यात येतील आणि मजुरी पडेल. मरण हीच त्यांच्या मजुरीची राखण होती. पांढरपेशा वाचक याला अडाणीपणा म्हणेल. गिरणीत कापसाचं पीस गिळलेला माणूस म्हणणार नाही. तो विचारील, मजुरी आणि छाती यातलं एकच निवडा, असं सांगणारा कोण होता?

पोलादाला खाणारा कण फुप्फुसालाही खातो. त्याला दोन्ही सारखेच. त्या दगडाच्या धुळीला पांढरी, काळी, पिवळी अशी जात नाही.

तर दोस्तांनो, दगड घ्यायला गेलात तर रंगावर जाऊ नका. हातात तोला. ओला करा, पाणी लगेच पितो का बघा. पितो तो मोकळ्या बांधणीचा, भराभर खाईल. पीत नाही तो घट्ट, शेवटच्या हाताला ठेवा. चार घास मारा आणि पातं उजेडात तिरपं धरा, रेघा दिसतील. जाड रेघा विळ्याला, खुरप्याला. बारीक रेघा रापीला, पटाशीला. रेघाच दिसेनाशा झाल्या तर वस्तर्‍याला. तेल पाजलेल्या दगडावर पुन्हा पाणी ओतू नका. मधे खड्डा पडला तर सपाट फरशीवर वाळू टाकून दगड घासून घ्या. घासताना ओलाच ठेवा, धूळ उडू देऊ नका.

आणि आणखी एक काम करा. घरात, शेजारी, आळीत एखादा जुना निसणा असेल, मधे झिजून होडीसारखा झालेला. म्हातार्‍या माणसांना विचारा तो कुठून आला, कुणी आणला, काय देऊन घेतला, त्यावर कुठलं हत्यार घासलं जायचं. लिहून काढा आणि या अंकाकडे पाठवा. सटन हूच्या दगडावर जाड जाड पुस्तकं निघाली, तो एकदाही झिजला नसताना. झिजलेल्या दगडावर निदान चार पानं तरी आपण काढू.